खाते निष्क्रिय की माणूस?

आमची पुतणी इंदुरातल्याच एका संगणक कंपनीत नोकरी करते. तिचे काम प्रोग्रॅम लिहिण्याचे नाही. इतरांनी लिहिलेला प्रोग्रॅम कसा चालवावा याची माहितीपुस्तिका तयार करणे, हे तिचे काम. गेल्या दिवाळीत ती घरी आली तेव्हा फराळाचे ताट बाजूला ठेवून तिने आम्हांस एक प्रश्न विचारला. "काका, तुम्ही आयुष्यभर शासकीय परिपत्रकांचे अर्थ लावलेत. 'डिफॉल्ट युजर ग्रुप' याचा अर्थ तुम्ही काय कराल?"

'डिफॉल्ट' म्हणजे कोणी काही निवडले नाही तर यंत्राने आपणहून धरून चालायची गोष्ट, एवढे आम्हांस ठाऊक होते. पण पुढे? वापरकर्त्याला आपोआप मिळणारा गट, असा अर्थ घ्यावा, की आपोआप तयार झालेल्या वापरकर्त्यांचा गट, असा? तीन नामे एकापुढे एक उभी केलेली; त्यांच्यामध्ये ना विभक्ती, ना संबंध सांगणारा शब्द. पुतणी म्हणाली की पहिला अर्थ घेतला तर नव्याने आलेल्या प्रत्येक माणसाला त्या गटाचे कागद वाचता येतील आणि दुसरा घेतला तर येणार नाहीत. ज्याने तो शब्दप्रयोग केला तो अभियंता रजेवर होता आणि पुस्तिका शुक्रवारी छापावयाची होती. "मी बरा वाटला तो अर्थ लिहून टाकू का?" असे तिने विचारले.

आम्ही प्रथम हसलो. नंतर मात्र हसू आले नाही, कारण याच जातीच्या एका शब्दप्रयोगाचा बरा वाटला तो अर्थ आम्ही स्वतः एकदा लावला होता. ती हकीकत पुढे येईलच. आधी या प्रश्नाचे स्वरूप पाहू.

संदिग्ध शब्द समोर आला म्हणजे वाचकाचे कर्तव्य काय, हा प्रश्न व्याकरणाचा वाटतो. आमच्या मते तो अखेरीस नीतीचा आहे. व्याकरण एवढेच सांगू शकते की येथे दोन अर्थ संभवतात. त्यांतला कोणता निवडावा आणि त्या निवडीचे ओझे कोणी वाहावे, हे व्याकरण सांगत नाही.

आपल्याकडे हा पेच फार जुना आहे. त्वष्ट्याची कथा वाचकांना ठाऊक असेल. इंद्राने आपला पुत्र मारला म्हणून त्वष्ट्याने इंद्राला ठार करणारा पुत्र व्हावा यासाठी यज्ञ केला आणि 'इंद्रशत्रु' हा शब्द उच्चारला. इंद्राचा मारणारा, असा तत्पुरुष त्याला अभिप्रेत होता. पण उच्चारताना स्वर चुकला आणि आद्य पदावरच्या आघातामुळे समास बहुव्रीही झाला. ज्याला मारणारा इंद्र आहे असा. परिणामी वृत्र जन्मला खरा, पण इंद्राच्याच हातून मेला. ही कथा तैत्तिरीय संहितेत येते आणि व्याकरण का शिकावे हे सांगताना पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच तिचा दाखला दिला आहे. त्वष्ट्याच्या शब्दाला निदान स्वर तरी होता. कागदावर छापलेल्या 'डिफॉल्ट युजर ग्रुप'ला तोही नाही.

मराठी माणसाला हा त्रास इंग्रजीइतका होत नाही, याचे श्रेय आपल्या 'चा-ची-चे'ला आहे. 'जुन्या पुस्तकांचे दुकान' आणि 'पुस्तकांचे जुने दुकान' यांत घोटाळा होत नाही. पण आपणही संस्कृताच्या थाटात पदनामे घडवू लागलो की तोच खड्डा समोर येतो. महाराष्ट्रात 'उपवनसंरक्षक' नावाचा एक मोठा वनाधिकारी असतो. तो वनसंरक्षकाच्या खालचा म्हणून 'उप'. पण अजाण वाचकाने त्याला एखाद्या उपवनाचा, म्हणजे बागेचा, राखणदार समजले तर दोष कोणाचा? अर्थात बहुतेक वेळा व्यवहार आपल्याला तारून नेतो. 'बालरोगतज्ज्ञ' ही पाटी पाहून आत एखादे लहान मूल तपासायला बसले असेल असे कोणाला वाटत नाही. संदर्भ पुरेसा असतो तेथे संदिग्धता निरुपद्रवी असते. प्रश्न उरतो तो दोन्ही अर्थ सारखेच शक्य असतात आणि दोहोंचे परिणाम भिन्न असतात त्या ठिकाणी.

संगणकाच्या पुस्तिकांत अशी ठिकाणे पावलोपावली आहेत, असे पुतणीने आम्हांस दाखवून दिले. 'कॅरेक्टर' हा साधा शब्द घ्या. नावाच्या रकान्यात इतकेच 'कॅरेक्टर' मावतील, असे पुस्तिकेत लिहिलेले असते. आता 'महालक्ष्मी' या नावात किती 'कॅरेक्टर' आहेत? शाळेत शिकलेला कोणीही म्हणेल, म, हा, ल, क्ष्मी अशी ४ अक्षरे. युनिकोडच्या हिशेबाने मात्र काना, वेलांटी आणि हलन्ताची दोन चिन्हे वेगळी मोजल्यामुळे ती १० होतात. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीने साठविताना त्या दहांपैकी प्रत्येकास ३ बाइट लागतात, म्हणजे एकूण ३०. ज्या भाषेत एक अक्षर म्हणजे एक बाइट असाच व्यवहार होता, त्या भाषेतल्या लेखकाला या तिहींतला फरक दिसलाच नाही. तो अप्रामाणिक नव्हता. त्याच्यापुढे दुसरा वाचक नव्हता, एवढेच. पण परिणाम आपल्या माणसांनी भोगला. २० बाइटांच्या रकान्यात 'महालक्ष्मी' मावत नाही, आणि नाव अर्धवट छापले गेले की त्या बाईने 'ही मीच' असे सिद्ध करीत कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या.

आता आमची हकीकत. २००७ साली आम्ही राज्य शासनाच्या सेवेत, मालव्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी होतो. निराधार वृद्धांना मिळणारे मासिक साहाय्य तेव्हा रोखीऐवजी खात्यात जमा होऊ लागले होते आणि त्यासाठी आमच्या कार्यालयात एक नवा प्रोग्रॅम आला होता. त्याच्या इंग्रजी पुस्तिकेत एक सूचना होती की दर तिमाहीच्या शेवटी 'इनॲक्टिव्ह अकाउंट होल्डर' यांचे साहाय्य थांबवावे. हाताखालचा एक तरुण बाबू ते पान घेऊन आमच्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "साहब, इनॲक्टिव्ह कौन? खाता या आदमी?"

हा प्रश्न अगदी अचूक होता. निष्क्रिय खात्याचा धारक, असा विग्रह करावा, की निष्क्रिय असा खातेधारक, असा? पहिल्या अर्थाने ज्यांच्या खात्यातून बरेच दिवस पैसे काढले गेले नाहीत ते सर्व लोक सूचनेत येतात. दुसऱ्या अर्थाने जे वारले किंवा गाव सोडून गेले, ते. आम्ही चष्मा वर करून बाबूकडे पाहिले आणि म्हणालो की खाते. यात विचारण्यासारखे काय आहे? तो गेला.

आम्ही हा अर्थ का घेतला, हे आज प्रामाणिकपणे सांगावयास हवे. पैसे न काढलेल्या खात्यांची यादी बँकेकडून तयार मिळत होती. कोण वारले आणि कोण गाव सोडून गेले हे पाहावयाचे तर गावोगाव माणसे पाठवावी लागली असती, आणि तिमाही संपायला चार दिवस उरले होते. आम्ही शब्दाचा अर्थ लावला असे म्हणणे हा शब्दावर अन्याय होईल. आम्ही सोय पाहिली आणि तिला अर्थ हे नाव दिले.

तिसेक वृद्धांचे साहाय्य थांबले. पाच महिन्यांनी एक म्हातारी, बरोबर नातवाला घेऊन, कार्यालयात आली. तिचा गुन्हा एवढाच होता की नातीच्या लग्नासाठी म्हणून तिने खात्यातले पैसे साठू दिले होते. ती आमच्यासमोर उभी राहून म्हणाली, "बाबूजी, हमने पैसा नहीं निकाला, तो क्या हम मर गए?" आमच्या तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत पुस्तिकेतल्या त्या तीन शब्दांचा इतका नेमका विग्रह कोणी करून दाखविला नव्हता. आम्ही वर विचारणा केली. आठवड्याभरात उत्तर आले की अभिप्रेत होता तो माणूस, खाते नव्हे. साहाय्य सुरू झाले, थकबाकी जमा झाली आणि संचिकेवर 'निकाली' असा शेरा पडला. मात्र यादीतला एक म्हातारा मधल्या काळात वारला होता. तो आमच्या निर्णयामुळे वारला असे आम्ही म्हणत नाही. वय झाले होते. पण शेवटचे पाच महिने त्याने कसे काढले, हे आम्ही कधी विचारले नाही आणि विचारण्याचे धैर्यही आम्हांस झाले नाही.

सेवानिवृत्तीनंतर मीमांसाशास्त्राची ओळख करून देणारी काही पुस्तके वाचीत असता आम्हांस 'निषादस्थपति' अधिकरण भेटले आणि ही जुनी जखम पुन्हा उघडी झाली. जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात, पहिल्या पादात, हा विषय आहे. रुद्राला उद्देशून करावयाच्या एका इष्टीविषयी वेदात सांगितले आहे की ती निषादस्थपतीकडून करवावी. स्थपति म्हणजे मुख्य, प्रमुख. प्रश्न असा की निषादांचा स्थपति, असा षष्ठी तत्पुरुष घ्यावा, की निषाद हाच स्थपति, असा कर्मधारय? पहिला अर्थ घेतला तर निषादांवर अंमल करणारा कोणी त्रैवर्णिक असू शकेल, ज्याला यज्ञाचा अधिकार आधीपासूनच आहे; मग काहीच अडचण नाही. दुसरा घेतला तर ज्या निषादाला वेदाध्ययनाचा अधिकार नाही त्याला यज्ञाचा अधिकार द्यावा लागतो.

त्या काळच्या पंडितांची सोय कशात होती हे उघड आहे. याच पादात थोडे आधी शूद्राला यज्ञाचा अधिकार नाही असा निर्णय त्यांनी दिलेला आहे. तरीही निषादस्थपतीच्या बाबतीत त्यांनी कर्मधारय स्वीकारला. कारण असे की तत्पुरुष घ्यावयाचा तर 'निषाद' या पदातून जो षष्ठीचा संबंध ऐकू येत नाही तो लक्षणेने काढावा लागतो. कर्मधारयात दोन्ही पदे आपला सरळ अर्थ देतात. जे ऐकू येते त्याला सोडून जे ऐकू येत नाही ते आणू नये, हा त्यांचा नियम. तो नियम त्यांना अडचणीच्या ठिकाणी घेऊन गेला आणि ते गेले. निषादाला त्या एका इष्टीपुरता अधिकार मिळाला. तो तेवढ्यापुरताच राहिला, पुढे विस्तारला नाही, हेही विसरता कामा नये. या पंडितांना आजचे समतावादी ठरविण्याचा आमचा हेतू नाही. आम्हांस भावले ते इतकेच की अर्थ लावण्याची रीत त्यांनी आधी ठरविली आणि निष्कर्ष नंतर पाहिला. आम्ही निष्कर्ष आधी ठरविला होता.

आमचा शब्द आणि त्यांचा शब्द यांची जात किंचित वेगळी आहे. त्यांच्यापुढे दोन पदे होती, आमच्यापुढे तीन, आणि आमचा प्रश्न विशेषण कोणाला चिकटते असा होता. पण पेच एकच. दोन अर्थ संभवतात आणि वाचकाला त्यांतला एक अधिक सोयीचा आहे. यावरून आम्ही स्वतःपुरता पहिला नियम असा बांधला की दोन अर्थांपैकी जो आपल्याला सोयीचा असेल त्याच्यावर अधिक संशय घ्यावा. तो खोटाच असेल असे नाही. पण तो आपल्याला खरा वाटण्याचे कारण शब्दात आहे की आपल्यात, हे तपासून पाहावे.

येथे कोणी म्हणेल की हे सारे ओझे वाचकावर का? ज्याने संदिग्ध लिहिले त्याने भोगावे. कायद्यात असे तत्त्व आहेही. कराराचा मसुदा ज्याने केला, त्यातल्या संदिग्ध कलमाचा अर्थ त्याच्याविरुद्ध लावावा, असे विम्याच्या प्रकरणांत न्यायालये मानीत आली आहेत. शिवाय लिहिणाऱ्याने जबाबदारी घेतल्याची चांगली उदाहरणेही आहेत. १८९७ च्या आपल्या जनरल क्लॉजेस ॲक्टने 'महिना' म्हणजे कोणत्या पंचांगाचा महिना हेसुद्धा सांगून ठेवले आहे. संगणकाच्या जगात १९९७ च्या मार्चमध्ये स्कॉट ब्रॅडनर यांनी आरएफसी २११९ हा छोटा दस्तऐवज लिहून 'मस्ट', 'शुड' आणि 'मे' या शब्दांचे बळ निश्चित केले. काय अनिवार्य, काय सबळ कारण असल्याखेरीज टाळू नये असे आणि काय ऐच्छिक. गंमत अशी की हे शब्द लहान लिपीत आले तर त्यांचा तोच पारिभाषिक अर्थ घ्यावा की साधा, ही शंका मागे राहिलीच आणि ती फेडण्यासाठी २०१७ साली आरएफसी ८१७४ लिहावा लागला. मोठ्या लिपीत असेल तरच पारिभाषिक अर्थ, असा तेव्हा खुलासा झाला. संदिग्धता नाहीशी करण्यासाठी लिहिलेल्या लेखातली संदिग्धता फिटायला २० वर्षे लागली, तर सामान्य पुस्तिकेची काय कथा?

म्हणून लेखकाचा दोष पूर्ण मान्य करूनही वाचकाचे कर्तव्य उरतेच. त्याचे कारण साधे आहे. लेखकाला शिक्षा होईल तेव्हा होईल. सूचना अमलात येते ती वाचकाच्या हातून, आणि सोसतो तो तिसराच. करारातल्या दोन पक्षांना न्यायालय असते. आमच्या म्हातारीने ती पुस्तिका लिहिली नव्हती आणि वाचलीही नव्हती. शिवाय यंत्राच्या बाबतीत एक अधिकची गोष्ट आहे. जुन्या कचेरीत एखाद्या कारकुनाने चुकीचा अर्थ लावला तर एक संचिका बिघडे, आणि दुसऱ्या संचिकेपाशी तरी त्याला शंका येण्याची आशा असे. यंत्राला एकदा अर्थ सांगितला की ते तो सर्व खात्यांना एकाच रात्री लावते आणि त्याला शंका येत नाही. शंका घेण्याचे काम त्याने आपल्यावर सोपविले आहे.

यावर उलट आक्षेपही येतो आणि तो अधिक गंभीर आहे. शंकाच घेत बसले तर काम कसे चालेल? प्रत्येक संदिग्ध सूचना बाजूला ठेवली तर नियम म्हणून काही उरणार नाही. व्याकरणकारांनी याचे उत्तर देऊन ठेवले आहे. पाणिनीच्या सूत्रांतही संदिग्ध स्थळे होती. तेथे त्यांची परिभाषा अशी की शंका आली म्हणून सूत्र निकामी ठरत नाही; जाणत्यांच्या व्याख्यानावरून त्याचा विशेष अर्थ ठरवावा. आमच्या कचेरीच्या भाषेत बोलावयाचे तर, सूचना फेकू नका आणि मनाने अर्थही लावू नका; विचारा. आम्ही विचारले असते तर उत्तर आठवड्यात आले असते. पुढे ते आलेच. त्या एका आठवड्याची बचत आम्ही पाच महिन्यांच्या भावाने विकत घेतली.

आणि विचारण्यास कोणी नसेल, वेळही नसेल, तर? येथे 'नेहमी दयेचा अर्थ घ्यावा' असे म्हणण्याचा मोह होतो. पण तेही खरे नव्हे. आमच्या पुतणीच्या प्रश्नात उदार अर्थ घेतला असता तर नको त्या माणसाला दुसऱ्याचे कागद वाचता आले असते. एकाला दिलेली सवलत हे दुसऱ्याचे नुकसान असू शकते. म्हणून आम्हांस दुसरी कसोटी अधिक बरी वाटते. दोन्ही अर्थ चुकू शकतात असे धरावे आणि ज्याची चूक मागाहून दुरुस्त करता येईल तो अर्थ घ्यावा. कागद न दाखविण्याची चूक उद्या सुधारता येते, कारण ज्याला हवे तो मागेल. पण एकदा दाखविलेला कागद न दाखविलेला करता येत नाही. मृताच्या खात्यात तीन महिने अधिक गेलेले साहाय्य परत घेता येते. तसे आम्ही अनेकदा घेतलेही आहे. जिवंत माणसाचे न मिळालेले पाच महिने मात्र थकबाकीने भरून निघत नाहीत. कसोटी एकच आहे, पण ती एका ठिकाणी देण्यास सांगते आणि दुसऱ्या ठिकाणी न देण्यास.

या सर्वांच्या आधी येणारी एक गोष्ट सांगून हे लिखाण संपवितो. दोन अर्थ आहेत हे मुळात दिसावे लागते. आम्हांस ते दिसले नव्हते. त्या बाबूला दिसले होते. त्याचे इंग्रजी आमच्यापेक्षा कच्चे होते, आणि बहुधा म्हणूनच. ज्याला भाषा सफाईने येते तो शब्दांवरून घसरत पुढे जातो; जो अडखळत वाचतो त्याला फट लागते. अधिकारपदावर असताना खालच्याने विचारलेल्या प्रश्नाला आम्ही अज्ञान समजत असू. आज वाटते की त्यांतले काही प्रश्न तरी त्या कागदावरचे सर्वांत जाणते वाचन होते. तो बाबू पुढे कोठे बदलून गेला, आम्हांस माहीत नाही. त्याला एवढे सांगावयाचे राहून गेले.

पुतणीला आम्ही सांगितले की शुक्रवार चुकला तरी चालेल, त्या रजेवरच्या माणसाला फोन कर. आणि उत्तर मिळाले की समास सोड, विग्रह लिही. चार शब्द जास्त झाले तर होऊ देत. तिने फोन केला. अभियंत्याला अभिप्रेत असलेला अर्थ आम्ही मनाशी धरलेल्या अर्थाहून वेगळा निघाला.